काळ्या द्राक्षांची वाटणी

वाटणी झाली तेव्हा वकिलांनी नकाशावर सरळ रेघ मारली. रस्त्याच्या वरचा उतार धाकट्याला, खालचा ताईला. वर पांढरी द्राक्षं, शार्दोने. खाली काळी, पिनो न्वार. घर आणि घराखालचं तळघर ताईकडे राहिलं. धाकट्यानं वरच्या अंगाला पत्र्याची शेड बांधली. ती ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नाकासमोर दिसायची.

त्यांच्या घरची फेसाळ वाइन वडिलांच्या काळापासून दोन्ही द्राक्षांची होती. पांढऱ्यामुळे तिला धार यायची, काळ्यामुळे अंग. वडील म्हणायचे, "एकटं पांढरं म्हणजे नुसता कणा, आणि एकटं काळं म्हणजे नुसतं पोट." ते गेले आणि वर्षभरातच भावंडांचं बिनसलं. निमित्त यंत्राचं. तळघरात लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या माना खाली करून तिरक्या ठेवायच्या आणि रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची, म्हणजे आतला गाळ हळूहळू झाकणापाशी उतरतो. धाकट्याला हे काम करणारं यंत्र आणायचं होतं.

"यंत्राला गाळ दिसतो का?" ताईनं विचारलं.

"तुला तरी काय दिसतं? तळघरात बसून बसून घुबड झालीयस."

शब्दानं शब्द वाढत गेला. शेवटी ती म्हणाली, "बाबांना तुझ्या हातावर कधीच भरवसा नव्हता." हे खोटं होतं, आणि म्हणता म्हणताच तिला ते कळलंही होतं. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत घेता येतो!

पहिल्या हंगामात तिनं एकटीनं काळी द्राक्षं पिळली. काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो, रंग असतो तो सालीत. म्हणून अगदी हलक्या हातानं दाबायचं आणि गुलाबी झाक दिसली रे दिसली की थांबायचं. ते तिला चांगलं जमलं. पण काही महिन्यांनी तयार झालेली वाइन चाखायला ती टेबलाशी उभी राहिली, तेव्हा गाडं अडलं. इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे धाकटा असायचा. एक घोट घेऊन तो "हं" म्हणायचा, नाहीतर "अंहं". त्यापलीकडे चर्चा नसायची. तिनं घोट घेतला, मान वर केली आणि सवयीनं विचारलं, "हं?"

समोर भिंत होती.

वाइन जड झाली होती. जिभेवर बसायची, उठायचं नाव नाही. मग पुढच्या हंगामात ती बागेच्या कडेच्या भिंतीच्या सावलीतल्या वेलींकडे वळली. तिथली द्राक्षं उशिरा पिकत. ती तिनं आठवडाभर आधीच, आंबट असतानाच तोडली आणि बाकीच्या रसात मिसळली. त्यामुळे बरं जमलं. बाटल्या भरून झाल्या, आडव्या रचून झाल्या. पुढची तीन वर्षं थांबायचं होतं.

तीन वर्षं माणूस थांबतो, पण घर शांत होत जातं. ती तळघरात बाटल्यांशी बोलायला लागली. दुकानात गेली की दुकानदाराला पाणीपावसापासून बुचांपर्यंत सगळं सांगत बसायची. तो बिचारा एक डोळा दुसऱ्या गिऱ्हाइकावर ठेवून माना डोलवायचा. भावजय रस्त्यात भेटली की हात हलवायची, गाडी मात्र थांबवायची नाही.

अखेर तिच्या बाटल्या दुकानात लागल्या. पुढच्या आठवड्यात ती गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुमच्या भावाचीही आली आहे. शेजारीच ठेवलीय, चालेल ना?"

"एक द्या त्यातली."

"कागदात गुंडाळू?"

"गुंडाळा," ती म्हणाली आणि चोरी केल्यासारखी बाहेर पडली.

दुपारी तिनं त्याची बाटली उघडली. पहिल्याच घोटाला दात आंबले. तो असाच होता, आल्या आल्या भांडायला उभा. पण मागून काहीतरी मऊ आलं, भाजलेल्या बदामासारखं. तिनं डोळे मिटले. जुनं लाकडी पिंप! तो अंग शोधत होता. इकडे ती धार शोधत होती.

मग तिनं आपली बाटली उघडली आणि दोन्ही एका पेल्यात ओतल्या. अर्धी अर्धी. मग त्याची जास्त. मग आपली जास्त. जुनी चव काही केल्या येईना. दोन्ही वाइननी एकटं राहायला शिकून घेतलं होतं. एका पेल्यात त्या एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या.

तिनं फोन लावला.

"कोण?"

"मी."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझी वाइन प्यायले. जुन्या पिंपात ठेवली होतीस?"

"थोडी. कळलं तुला?"

"कळलं. चांगली झालीय."

"तुझी मी परवाच आणली," तो म्हणाला. "दोन्ही मिसळून पाहिल्या."

"मग?"

"अंहं."

"मलाही अंहं."

तो हसला, की खोकला, कळलं नाही. हीच वेळ आहे असं तिला वाटलं. "ऐक. बाबांबद्दल मी बोलले होते ना, तुझ्या हाताचं... ते खोटं होतं. मी मनचं रचून बोलले."

पलीकडे पंपाची घरघर ऐकू येत राहिली.

"इतकी वर्षं मी ते खरं धरून काम केलं, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ठेवतो. पंप चालू आहे."

संध्याकाळपर्यंत ती फोनजवळ बसून होती. तो वाजला नाही. उरलेली त्याची बाटली तिनं झाकण लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यातले बुडबुडे गेले होते. तरी जेवताना ती पेल्यात थोडी थोडी ओतून घेत राहिली. तीन दिवस पुरली.