दोन किलो चारशेची चादर

रिकामी बॅग तीन किलो चारशे. वैद्यकाची तीन जाड पुस्तकं सहा किलो दोनशे. सहा साड्या तीन किलो. दोन लोकरी स्वेटर एक किलो शंभर. बूट आणि चपला एक किलो तीनशे. स्टेथोस्कोप, प्रमाणपत्रं आणि बाकीचे कागद सातशे ग्रॅम. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मिळून एक किलो सहाशे. ज्वारीचं पीठ दोन किलो सहाशे. चादर दोन किलो सहाशे.

जगदेवीनं एकेक वस्तू ताणकाट्याला अडकवून मोजली होती. काटा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. यंदाच बी.एस्सी. होऊन ती तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली होती आणि दोन दिवसांसाठी सही करून तिनं तो घरी आणला होता. बेरीज तिनं वरून खाली केली, मग खालून वर केली. बावीस किलो पाचशे.

"विमानात वीस," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," दाक्षायणी म्हणाली आणि चादर उचलून तिनं कॉटवर ठेवली. "आता?"

"एकोणीस नऊशे."

"झालं तर."

दाक्षायणी तिची थोरली बहीण. सोलापुरातच डॉक्टर झाली आणि आता तिला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राकाठच्या एका गावातल्या इस्पितळात सहा जानेवारीला हजर व्हायचं होतं. तिकीट अठ्ठावीस डिसेंबरचं होतं. आज अकरा तारीख. भवानी पेठेतल्या त्या घरात महिनाभर सगळं तिच्या जाण्याभोवती फिरत होतं. मागच्या पडवीतले दोन माग तेवढे आपल्या वेळेला खटखटत होते.

दोघींची आई, सुंदरम्मा, हात पुसत आत आल्या. आधी त्यांनी बॅग पाहिली, मग कॉट.

"ही हितं का?"

"वजन जास्त होतंय अव्वा," दाक्षायणी म्हणाली. "तिकडं मिळतात की ब्लँकेटं. इस्पितळच देतं."

सुंदरम्मांनी चादरीची घडी सरळ केली, काठाला काठ लावला, आणि खाली बसल्या.

"मग तू जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा दोघींना वाटलं, अव्वा रागावून बोलतेय. पण त्या रागावलेल्या नव्हत्या. स्वयंपाकाला किती पाणी लागेल हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, आणि मग शिवयोगीचं नाव घेतलं. मुलींना हा मामा फक्त फोटोतून माहीत होता. अव्वाचा पाठचा भाऊ. तेवीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमाराला, अक्कलकोटच्या चौघांबरोबर केदारला गेला आणि परत आला नाही, एवढंच घरात बोललं जायचं.

"म्या रहाटावर सुताच्या कांड्या भरल्या, तुमच्या अप्पांनी विणली. खास त्याच्यासाटी चादर," त्या म्हणाल्या. "निघताना वळकटी हातात घेतली, तोलली, आन म्हनाला, अक्का, लई वझं होतंय, तिकडं मिळतंय की कायबाय. ठिवून गेला. वर बर्फ आलं. चौघं खाली उतरले, ह्यो न्हाय उतरला. अंगावर उपरणं होतं."

दाक्षायणीनं लगेच पिठाचा डबा बॅगेतून बाहेर काढला. "हे बघ अव्वा, पीठ काढलं. चादर घेते. दोन्हीचं वजन सारखंच आहे. झालं?"

"न्हाय झालं," सुंदरम्मा म्हणाल्या. "चादर घेतली असती तर त्यो वाचला असता का, हे तरी मला कुटं ठाऊक हाय? तेवीस वर्षं झाली. सुती चादर बर्फात पुरती का, सांग मला. तू डॉक्टर, ही शास्त्र शिकलेली. सांगा की."

दाक्षायणीनं जगदेवीकडं बघितलं. जगदेवीनं वहीकडं.

संध्याकाळी अप्पा, म्हणजे संगप्पा, दुकानातून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "तिच्या भावाचा विषय हाय. ती म्हणंल तसं." आणि मागाकडं निघून गेले.

बर्फाची माहिती जगदेवीनं आधीच मागवली होती. दाक्षायणीच्या नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात तिनं इस्पितळाच्या मेट्रनला लिहिलं होतं की आपल्या गावात गेल्या दहा हिवाळ्यांत किती दिवस बर्फ पडला, कृपया कळवावे. मेट्रनबाई भली निघाली. गावातल्या शाळेत हवेची नोंदवही ठेवत असत; तिच्यातले आकडे तिनं हातानं उतरवून पाठवले आणि खाली लिहिलं, आमच्याकडे थंडी सौम्य असते, पाऊस मात्र रोजचा. बर्फ यंदा पडेल का, हे आम्हालाही सांगता येत नाही. डिसेंबर लागला की आम्हीही सकाळी उठून आधी खिडकीतून बघतो.

रात्रीच्या जेवणाला जगदेवीनं ते पत्र ताटाशेजारी उघडून ठेवलं.

"तीन दिवस, शून्य, एक, शून्य, पाच, दोन, शून्य, शून्य, चार, एक. दहा वर्षांत सोळा दिवस, अव्वा. चार वर्षं तर पडलाच नाही. सरासरी एक पूर्णांक सहा दिवस."

"पूर्णांक सहा दिवस म्हंजे? दुपारपतूर?"

दाक्षायणी हसली. जगदेवी हसली नाही. "म्हणजे फार कमी. पडेल, नाहीतर नाही. आणि पडला तरी पारा उणे दोन-तीनच्या खाली जात नाही."

"शिवयोगीला किती दिवस लागले?" सुंदरम्मांनी तिच्या ताटात भाकरी वाढली. "एक रात्र. सरासरी काड त्याची."

हात धुताना जगदेवीच्या लक्षात आलं की अव्वाचं बरोबर आहे. बर्फ पडेल का, हा प्रश्नच नव्हता. पडला तर काय, हा होता. आणि तो मोजता येण्यासारखा होता. सोलापुरात डिसेंबरातली कडाक्याची थंडी म्हणजे बारा अंश. पण स्टेशनाजवळच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ठेवायची एक खोली होती.

कारखान्याचे व्यवस्थापक गुरुसिद्धप्पा अप्पांच्या ओळखीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना वाटलं, कुणाच्या लग्नाची ऑर्डर आहे.

"किती लाद्या, वैनी?"

"लाद्या नकोत," जगदेवी म्हणाली. "एक तास खोली हवी."

तिनं दोन तांबे आणले होते, सारखेच. कारखान्यातल्या चुलीवर पाणी तापवून तिनं दोन्हीत मोजून भरलं, ऐंशी अंशाला. एक उघडा ठेवला, दुसरा नव्या चादरीत चार घड्यांत गुंडाळला. खोलीत भिंतीला लागून भुशात पुरलेल्या लाद्या होत्या, वरच्या पाईपवर पांढरा थर जमला होता आणि नाकाला अमोनियाचा वास झोंबत होता. थर्मामीटर उणे दीड दाखवत होता. तासानं दार उघडलं. उघड्या तांब्यात त्रेचाळीस. चादरीतल्यात सदुसष्ट.

"बघ अव्वा," जगदेवी म्हणाली. "चोवीस अंशांचा फरक."

सुंदरम्मांनी तांब्यावर पालथा हात ठेवला. "पन गार झालाच की. ऐंशी हुता म्हनालीस."

"होणारच. हळू होतो, एवढंच."

"आजून दोन तास ठिवला तर?"

"आणखी गार होईल."

"आन रातभर?"

जगदेवी तांब्यावरची चादर सोडवायला लागली.

"तांब्याच्या पोटात भाकरी न्हाय, पोरी," सुंदरम्मा म्हणाल्या. "मेलेल्याला पांघरूण घातल्यासारखं हाय हे. जित्या माणसाचं सांग."

बाहेर खुर्चीत बसलेले गुरुसिद्धप्पा म्हणाले, "वैनी, तुमी कॉलेजात शिकवायला जावा."

जगदेवीचे कान तापले. बी.एस्सी.ला तिला उष्णतेच्या पेपरात पहिला वर्ग होता, आणि चुलीपुढं उभं आयुष्य काढलेल्या बाईनं प्रयोगातली चूक एका वाक्यात दाखवली होती. शरीर स्वतः उष्णता तयार करतं. तांब्या करत नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मग माणूसच बसवायचा. मी बसते."

"तू न्हाय. तुजं रगत तापलेलं. मी बस्ते."

"अव्वा, काहीतरीच काय," दाक्षायणी पुढं झाली. "तुला पंचावन्न वर्षं झाली."

"म्हनूनच. मला पुरली तर तुला पुरंल. एक तास. मी मधीच उठले तर तू जायचं न्हाय. न्हाय उठले तर जा."

दाक्षायणीनं आईच्या तोंडाकडं नीट बघितलं, पेशंटकडं बघतात तसं. "मग माझीही एक अट. दर वीस मिनिटांनी तोंडात थर्मामीटर. पारा सत्त्याण्णवच्या खाली गेला की मी तुला उचलून बाहेर आणणार. आणि मग मी जाणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

"ठरलं," सुंदरम्मा म्हणाल्या. "उद्या सकाळी. आज माजी चादर हितं न्हाय."

त्यांची चादर म्हणजे कुठली, ते घरी गेल्यावर कळलं. कॉटखालची पत्र्याची पेटी ओढून त्यांनी तळाची चादर काढली. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, तो झाडला. लाल-पांढरी, काठ अजून कोरा. तेवीस वर्षांत कुणी अंगावर घेतलेली नव्हती.

"अव्वा, प्रयोग नव्या चादरीचा आहे," जगदेवी म्हणाली.

"माजा हिचा हाय."

जगदेवीनं वाद घातला नाही. ताणकाटा परत करायचा होता, पण अजून घरात होता. तिनं जुनी चादर अडकवली. दोन किलो चारशे. तिनं सूत बोटांत धरून पाहिलं, दोन्ही चादरींचे ताणे, म्हणजे उभे धागे, एका इंचात किती ते मोजले. विणकर एकच, माग एकच, सूत जुनीत जरा कमी.

"चालेल," ती म्हणाली. "ही हलकी आहे. ही पुरली तर नवी पुरेलच."

"मी काय येगळं म्हनले?"

तेरा तारखेला सकाळी आठला गुरुसिद्धप्पांनी खोलीत गोणपाट अंथरून त्यावर पाट ठेवला होता. "वैनी, चहा सांगू का आत?" त्यांनी विचारलं.

"भाईर आल्यावर."

सुंदरम्मा पाटावर बसल्या, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन कपाळाला लावलं, आणि चादर दुहेरी करून डोक्यावरून घेतली. पायही आत ओढले. नाक आणि डोळे तेवढे बाहेर राहिले. दोन्ही मुली स्वेटर घालून दाराशी उभ्या राहिल्या. तोंडातला पारा अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. खोली उणे दीड. जगदेवीनं वेळ लिहिली, आठ वाजून बारा मिनिटं.

सुंदरम्मांनी चादरीतून एक हात बाहेर काढला आणि शेजारच्या लादीवरचा भुसा बाजूला करून बर्फाला बोट लावलं. थोडा वेळ ते तसंच ठेवलं. मग हात आत घेतला.

"असलंच असतं व्हय?"

"पडताना भुसभुशीत असतो," जगदेवी म्हणाली. "कापसासारखा."

"मग त्यातनं वाट दिसत नसंल."

"नसेल."

वीस मिनिटांनी सत्त्याण्णव पूर्णांक आठ. दाक्षायणी पाण्याचे थेंब मोजावेत तशी पारा बघत होती. सुंदरम्मांचं नाक लाल झालं होतं. त्या बोलायच्या थांबल्या. वाफ निघत होती ती तेवढी दिसत होती. तिसाव्या मिनिटाला त्यांचे खांदे थरथरायला लागले.

"अव्वा, पुरे का?" दाक्षायणीनं विचारलं.

चादर डावीकडून उजवीकडं हलली. नाही.

चाळिसाव्या मिनिटाला दाक्षायणीनं थर्मामीटर काढला आणि तो दाराच्या उजेडाला धरला. मग जगदेवीला दिला. सत्त्याण्णव पूर्णांक दोन. थर्मामीटरवर सत्त्याण्णवची रेघ एका घराच्या अंतरावर होती.

"किती?" चादरीतून आवाज आला.

जगदेवीला खोटं सांगता आलं असतं. "सत्त्याण्णव दोन," ती म्हणाली. "वीस मिनिटांत सहा दशांश घसरला. असाच घसरला तर पुढच्या वेळी शहाण्णव सहा."

"आन सत्त्याण्णवला ही मला उचलनार."

"उचलणार," दाक्षायणी म्हणाली.

सुंदरम्मांनी चादरीचं टोक नाकावर ओढलं. आता डोळेच उरले. मग चादरीच्या आत काहीतरी हलायला लागलं. आधी हळू, मग एका लयीत. उजवा कोपर गोल गोल फिरत होता, डावा हात जागच्या जागी मागंपुढं सरकत होता. जगदेवी जवळ गेली.

"अव्वा, काय करतेयस?"

"कांड्या भरतेय."

दाक्षायणी म्हणाली, "हे चालतं का? हलायचं नाही असं..."

"असं ठरलं नव्हतं," जगदेवी म्हणाली. ती वही चाळून खात्री करून घेत होती. "एक तास बसायचं, उठायचं नाही, पारा सत्त्याण्णवच्या खाली नाही. तीनच अटी. हलण्याबद्दल काही नाही."

"परवा तर तूच मला जाऊ देत नव्हतीस," दाक्षायणी चादरीला म्हणाली.

"तू गप ऱ्हा. सूत तुटतंय."

रहाट नव्हता, सूत नव्हतं, पण हात तीस वर्षांच्या सवयीनं फिरत होते. मधेच थांबायचे, जणू कांडी भरली, ती काढून ठेवायची, दुसरी लावायची, आणि परत. सुंदरम्मा मनात मोजत होत्या. आठव्या कांडीला त्यांचे ओठ हललेले दिसले. खांद्यांची थरथर थांबली होती. बाहेर कामगारांनी लाद्या ओढायचं काम थांबवलं होतं आणि गुरुसिद्धप्पा हातात घड्याळ धरून उंबऱ्यापर्यंत आले होते. दाक्षायणीनं आपला स्वेटर काढून आईला द्यायला हात पुढं केला आणि जगदेवीनं तो अडवला.

नऊ वाजून बारा मिनिटांनी जगदेवी म्हणाली, "वेळ झाली."

सुंदरम्मांनी हातातली कांडी पुरी केली, मग तोंड उघडलं. दाक्षायणीनं थर्मामीटर जिभेखाली ठेवला. दोन मिनिटं झाली, तिनं तो काढला, फिरवून रेघ शोधली आणि बहिणीकडं दिला. जगदेवीनं पारा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि वहीत लिहिलं.

चादर दोन किलो चारशे. खोली उणे दीड. साठ मिनिटं. सत्त्याण्णव पूर्णांक आठ.