न मागता मिळालेली वेळ

धाकटी बहीण आपल्याच कंपनीत लागली म्हटल्यावर थोरलीने तोंडभर अभिनंदन केलं, आणि पुढे कित्येक दिवस तिच्या पोटात दुखत राहिलं.

थोरली कर्नल लिहायची. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, घड्याळ, सगळ्यांवर त्याचा हुकूम. निदान त्याची समजूत तशी. धाकटीचं काम त्याच्याही खालच्या थरात, हायपरवायझरमध्ये. एकाच यंत्रावर अनेक कर्नल बिऱ्हाड करून राहतात, प्रत्येकाला घर आपलंच वाटतं, आणि खालून पुरवठा करणारा मालक मात्र हा हायपरवायझर. शहाणा कर्नल हे ओळखून असतो. काही हवं असलं की खाली हाक मारतो आणि मिळेल ते घेतो. थोडक्यात, थोरलीने आता धाकटीला विचारून वागायचं.

बाकी सगळं तिने एक वेळ विचारलं असतं. पण चालतं बिऱ्हाड एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवलं की तिथल्या प्रोसेसरचा वेळ मोजणारा आकडा वेगळा निघतो, म्हणून वेळसुद्धा कर्नलने हायपरवायझरलाच विचारावी, असं धाकटीने बैठकीत मांडलं. धाकट्या बाईसाहेब फळ्यावर आकृती काढत होत्या आणि साहेब मान डोलवत होते. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझा कर्नल दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणार नाही," ती म्हणाली. "आकडा तो स्वतः वाचेल. फरक पडला तर स्वतः सांधेल."

"ताई, नाही जमायचं ते," धाकटी हळूच म्हणाली.

"तू तुझं बघ."

साहेबांना बहिणींच्या भांडणात पडायची हौस नव्हती. "चाचणी घेऊ. घड्याळ चुकलं नाही तर तुमची पद्धत कायम. चुकलं तर कर्नलचा गट हायपरवायझरच्या हाताखाली." हायपरवायझरच्या म्हणजे कुणाच्या, ते खोलीत सगळ्यांना कळलं.

चाचणी झाली. बिऱ्हाड हललं आणि घड्याळ तसूभरही चुकलं नाही. थोरलीने सगळ्यांना चहा पाजला. धाकटीला तर स्वतः कप नेऊन दिला, आणि वर म्हणाली, "होतं गं असं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी ती आपलाच पराक्रम डोळे भरून पाहायला बसली. फरक सांधायचा जो भाग तिने लिहिला होता, तो एकदाही चालला नव्हता. फरक आलाच नव्हता. शिवाय आकडा वाचणं, जे डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं, त्याला दर वेळी भलताच उशीर होत होता. असा उशीर कशाने होतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. कर्नल वाचायला गेला की खाली कुणीतरी त्याला अडवत होतं, आणि आकडा दुरुस्त करून हातात ठेवत होतं.

ती तडक धाकटीच्या टेबलाशी गेली. "मध्ये तू बसलीस?"

धाकटीने मान खाली घातली. "तू विचारणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून न विचारताच देत होते. ताई, तू माझ्या हाताखाली आलेली मला बघवलं नसतं."

थोरलीला भरून यायला हवं होतं. आला तो संताप. हिने हरवलं असतं तर ते सोसता आलं असतं. ही पोर जिंकवूनही देते, आणि गाजावाजा न करता देते! आई म्हणायचीच, धाकटी मनाने मोठी. म्हणजे तिथेही आपण धाकट्याच.

"काढ ते."

"काढलं तर चाचणी पडेल."

"पडू दे. माझी मला पडू दे."

साहेबांकडे जाऊन तिने सगळं सांगितलं आणि चाचणी पुन्हा मागून घेतली. या वेळी बिऱ्हाड हलताच घड्याळ मागे गेलं, आणि तिचा सांधणारा भाग पार गोंधळून पडला. साहेब तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला लागले. "प्रामाणिकपणा कसला," म्हणून ती उठून आली.

नव्या गटाच्या खोलीत धाकटीने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "ताई, तू खिडकीपाशी बस. उजेड चांगला आहे."

"पुन्हा देऊ नकोस काही," थोरली म्हणाली. "साहेब आहेस ना आता? मग कुठे बसायचं ते सांग."

धाकटीने ओढलेली खुर्ची दाराकडे सरकवली. मग म्हणाली, "दाराशी बस," आणि खिडकीपाशी स्वतः जाऊन बसली.

थोरली निमूट दाराशी बसली. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का तिच्या खुर्चीला लागत होता, आणि खिडकीतला सगळा उजेड धाकटीच्या टेबलावर पडला होता. तिने तो पोटभर पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला धाकटीचा हक्काने राग करता येत होता.