पांढऱ्यावर पांढरं

ऐका, रविवारी गाडी मिळाली की नाही ते मी शेवटी सांगणार. मध्ये कोणी विचारलं तर मी उठून जाईन, मग बसा तलावाचे फोटो बघत.

आमची विजेची गाडी तुम्हाला माहितीये. ती घेतली कशी, ते नाही माहीत. शोरूमवाल्याने आमच्यासमोर एक लांबलचक कागद ठेवला. गाडी तीच, पण वरून काय काय हवं त्यावर टिक करायची. आम्ही चौघं. पाऊण तास नुसता गोंधळ! शेवटी आत्या म्हणाली, "प्रत्येकी एक टिक. नंतर रडायचं नाही." आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि दिवसभर बाबांच्या दुकानात काउंटरला असते. तिने निकाल दिला की बाबा पुढे बोलत नाहीत. निदान तिच्यासमोर.

मी टिक केले रंगीत दिवे. चौसष्ट रंग! दाराच्या कडेने, पायाशी, सगळीकडे. खरं सांगू? दोन दिवस मजा आली. तिसऱ्या दिवसापासून मी ते विसरले.

आईने टिक केलं सॉकेट. गाडीच्या बॅटरीतून वीज बाहेर काढायची, मागे प्लग लावायचा. आम्ही तिघं केवढे हसलो! बाबा म्हणाले, "गाडीवर इस्त्री करणार का?" आई म्हणाली, "करेन, तुमचीच." आता ती बाजारात केकचा स्टॉल लावते ना, तिथे तिचं क्रीम फेटायचं मशीन गाडीवर चालतं. आजूबाजूच्या स्टॉलवाले तिला विचारून आपले फोन चार्ज करून घेतात. तिची मान हल्ली जरा वरच असते.

आत्याने टिक केलं आपोआप पार्किंग. तिने माझ्याबरोबरच नुकतंच लायसन्स काढलंय, या वयात, आणि पार्किंग सोडून तिला सगळं येतं.

आणि बाबांनी टिक केल्या पांढऱ्या सीट.

आता यात काय, असं तुम्हाला वाटेल. अरे, माझे बाबा सोफे करतात! आजोबांपासूनचं दुकान. जुना सोफा खोलायचा, नवं कापड चढवायचं. तीस वर्षं आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतात, "घरात माणसं राहत असतील तर पांढरं घेऊ नका." आणि स्वतः पांढरं! का, तर शोरूमवाला म्हणाला, "साहेब, पांढरं सगळ्यांना जमत नाही. सांभाळायला लागतं." झालं. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आत्या तिथेच म्हणाली, "धाकट्या, सहा महिन्यांत कव्हर घालशील."

"मी? कव्हर? लावतेस पैज?"

"लाव."

"सहा महिने सीट अशाच राहिल्या, तर रविवारची गाडी पोरीची. कव्हर चढलं, तर रविवारची गाडी तुझी."

मला कोणी विचारलंसुद्धा नाही, पण मी शोरूममध्येच उडी मारली. आणि त्याच संध्याकाळी तुम्हा तिघांना रविवारी तलावावर न्यायचा शब्द देऊन बसले. तो माझा पहिला मूर्खपणा.

दुसरा मूर्खपणा म्हणजे ती नवी गडद निळी जीन्स.

साडेपाच महिने झाले होते. पंधरा दिवस उरले होते, फक्त पंधरा! मी ती जीन्स घालून बाबांच्या शेजारी बसून दूर परीक्षेला गेले, तिकडून घामाघूम होऊन परत आले. घरी शेडमध्ये गाडी लागली, बाबा वर गेले, मी उतरले, सहज मागे वळून बघितलं. सीटवर दोन निळे गोल. शेजारी शेजारी. स्वच्छ, ठसठशीत. म्हणजे कोणाचे, हे विचारायलाही नको, मापच होतं ना ते!

 ओलं फडकं घेतलं, गोल मोठे झाले. टूथपेस्ट लावली, गोलांना पुदिन्याचा वास यायला लागला. नेटवर एक बाई सांगत होती की लिंबू चोळा. चोळलं. त्या बाईच्या सीट बहुतेक निळ्याच असतील.

मग मला सुचलं. दिवे! मी गाडीत बसले, रंग निवडला निळा, पूर्ण जोरात. आमच्या शेडमध्ये तसाही अंधार असतो. सगळी गाडी निळी झाली, सीट निळी, मी निळी, आणि डाग? गायब! मला माझ्या टिकचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. साडेपाच महिने निरुपयोगी दिवे, आणि ऐन वेळेला देवासारखे धावले.

आठवडाभर मी तेच केलं. गाडीत बसायचं असलं की मी आधी पळत शेडमध्ये, दिवे लावायचे, दिवसा बाहेर जायचं असेल तर त्या सीटवर स्वतः बूड टेकवून झाकण. आई म्हणाली, "हिला हल्ली गाडीची फारच ओढ लागलीये." बाबा म्हणाले, "सारखा निळाच का गं?"

"शांत वाटतं, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला अजिबात शांत वाटलं नाही.

आता खरी गंमत ऐका. आठ दिवस उरले असताना बाबा कापड आणायला गेले होते, आई केकमध्ये, आत्या दुकानात. मी ठरवलं, आज काहीही होवो, डाग काढायचाच. बादली, ब्रश, सगळं घेऊन बसले. घासता घासता ब्रश हातातून सुटला आणि बाबांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटखाली गेला. मी हात घातला. हाताला काय लागलं? चेन! पिशवीला असते तशी बारीक चेन!

मी विचार केला, गाडीच्या सीटला खालून चेन कशाला? ओढली. पांढऱ्याच्या आत पांढरं. कव्हर होतं ते! हुबेहूब सीटसारखं, तेच पांढरं, तशीच भोकं, तशीच दुहेरी शिलाई, बाजूची एअरबॅगची जागासुद्धा मापात मोकळी सोडलेली. आणि त्याखाली खऱ्या सीटवर हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग. सोफ्याचा फोम चिकटवायचं सोल्यूशन असतं ना, तो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बादली कशाला आणलीस?"

बाबा! खांद्यावर कापडाचा गठ्ठा.

मी म्हणाले, "बाबा, तुमच्या सीटला चेन आहे."

बाबांनी गठ्ठा हळूच खाली ठेवला. शेडच्या दाराकडे बघितलं. म्हणाले, "आणि तुझ्या सीटवर काय आहे?"

"कुठे काय?"

"अगं, मी तीस वर्षं कापडावरचे डाग बघतोय. निळ्या उजेडात निळा डाग दिसत नाही, हे मला तू शिकवणार?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"तू उतरून जिना चढलीस तेव्हा तुझ्या जीन्सचा रंग मागे उडालेला होता. कुठे तरी गेला असेलच ना तो."

"आणि तुमचा पिवळा? तो कधीचा?"

बाबा गठ्ठ्याची दोरी नीट करायला लागले. "तिसऱ्या दिवसाचा."

तिसऱ्या! म्हणजे पैज लावून गाडी घरी आली, आणि तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ दुकानातल्या कपड्यांत तसेच गाडीत बसले! मी हसून हसून बादलीत पडायची राहिले. बाबा म्हणाले, "हसतेस काय? रविवार हवाय ना तुला? मग माझ्याबरोबर चल."

आता दुसरं कव्हर शिवायचं होतं, माझ्या सीटचं. पण कुठे? दुकानात काउंटरला आत्या. घरात वरून आत्या कधीही उतरेल. पहिल्या कव्हरच्या वेळी आत्या दोन दिवस मैत्रिणीकडे गेली होती, म्हणून बाबांचं जमलं होतं. शेवटी बाबांनी छोटं शिलाई मशीन डिकीत टाकलं आणि आम्ही गेलो मैदानाच्या मागे, तिथे दुपारी चिटपाखरू नसतं. आणि मशीनला वीज? आईचं सॉकेट! बाबा मशीन चालवतायत, मी कापड धरलंय, डिकीचं झाकण वर, आणि काय सुंदर टाका पडत होता. बाबा म्हणाले, "तुझ्या आईची टिक चांगली होती गं. तिला सांगू नकोस."

आणि फोन वाजला. आई.

"माझ्या सॉकेटला काय लावलंय?"

आम्ही गार! सॉकेट चालू झालं की तिच्या फोनवर कळतं, हे आम्हाला कुठे माहीत!

बाबा म्हणाले, "पंखा. उकडतंय."

"गाडीत एसी आहे."

"एसी नको म्हटलं, बॅटरी जाते."

"असं? मग तो पंखा थांबत थांबत का चालतोय? आणि कोपऱ्यावर जरा हळू चालवा, धागा तुटेल." आणि फोन ठेवला.

घरी आलो. जेवताना आई आत्याला म्हणाली, "वन्सं, सहा महिने कधी पूर्ण होतायत हो?" आणि आमच्याकडे बघून वाढत राहिली. 

तो दिवस उजाडला. आत्या चष्मा पुसत शेडमध्ये आली, हातात मोठा टॉर्च. म्हणाली, "ते निळं आधी बंद कर." केलं. टॉर्च मारला. मागची सीट बघितली, पुढची बघितली, नखाने शिलाई खरवडली, नाक लावून वास घेतला. मी श्वास धरून उभी. बाबा भिंतीवरची पाल बघत होते. तिथे पाल नव्हती.

आत्या म्हणाली, "पांढऱ्याच आहेत रे."

बाबा म्हणाले, "मग! ताई, सांभाळायला लागतं."

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीचा फॉर्म. सहा महिने झाले की पाठवतात, मालक समाधानी आहे का, पुन्हा घेतली तर हेच निवडाल का, एकेकाला दहापैकी गुण द्या. बाबा इतके फुलले होते की म्हणाले, "वाच वाच, इथेच भरू. पांढऱ्या सीट? दहा! लिही, दहा!"

आत्या म्हणाली, "ठीक आहे, हरले मी. रविवार पोरीचा." माझं अर्धं मन तलावावर पोचलं होतं! आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर टेकली. तिचे पाय लांब, आत मावेनात. तिने सीट मागे सरकवायची दांडी शोधायला खाली हात घातला, तो या वेळी दांडी सोडून पार कोपऱ्यात गेला. हात तिथेच राहिला.

"धाकट्या."

"काय, ताई?"

"कंपनीवालेसुद्धा कोपऱ्यात लाल टाका घालायला लागले का रे?"

मला कळेना काय चाललंय. बाबांचा चेहरा मात्र सीटपेक्षा पांढरा झाला. मग आत्याने सांगितलं. आजोबा प्रत्येक सोफ्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल धाग्याचा एक टाका घालायचे. पुन्हा दुरुस्तीला आला तर आपलंच काम आहे हे ओळखू यावं म्हणून. कोणाला दिसत नाही, फक्त हाताला गाठ लागते. बाबांनी सहा महिने चोरी लपवली, आणि चोरीवर स्वतःची सही करून ठेवली!

"अहो, घातलात कशाला?" आई दारात उभी होती, हसू दाबून.

"घातला नाही गं," बाबा म्हणाले, "हात गेला."

"दुसऱ्यालाही आहे का?" आत्याने वाकून शेजारच्या सीटखाली चाचपलं. होताच. मग ती बाबांकडे वळली. "आणि म्हणे दहा गुण! अरे, त्या सीटवर तू बसलायस तरी कधी?"

"तीन दिवस बसलोय," बाबा म्हणाले.

संपलं. पैज पैज असते. रविवार आत्याचा. मी वर जाऊन उशीत तोंड खुपसलं. तुम्हाला फोनही केला नाही, ते याच्यामुळे.

मग गेल्या रविवारी आत्या ऐटीत एकटीच गाडी घेऊन वाचनालयात गेली. अर्ध्या तासाने मला फोन. अगदी हळू आवाजात, "अगं, जरा इकडे येतेस का?"

मी पळत गेले. वाचनालयासमोर आमची गाडी, आत आत्या, हात मांडीवर. पडद्यावर लिहिलेलं, 'जागा शोधत आहे.' सात फेऱ्या झाल्या होत्या! जागा समोर होती, मोठी, पण गाडीला ती पसंतच पडत नव्हती.

मी विचारलं, "आत्या, नेहमी काय करतेस मग?"

"वाचनालयाचा रखवालदार लावून देतो. आज त्याची सुट्टी."

"सहा महिने?"

"तू चौकशा करणार आहेस की गाडी लावणार आहेस?"

मी बसले, एका दमात लावली. आत्या बराच वेळ पुस्तकांच्या पिशवीशी चाळा करत होती. मग म्हणाली, "रविवारी तू चालवायची आणि लावायची. मी शेजारी. जायचं तिथे जाऊ. तलाव म्हणत होतीस ना? आणि हे धाकट्याला कळलं, तर बघ."

तर ठरलंय. गाडी मिळाली, वर आत्याही मिळाली. ती पुढे बसणार, तुम्ही तिघं मागे. आणि मागच्या सीटला अजून कव्हर नाहीये, तेव्हा नवी जीन्स घालून जो येईल, त्याला मी डिकीत बसवणार. सॉकेटशेजारी.