ब्रेक लागत नाहीत

"आपल्याला काय करायचंय?" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू येत नाही? बसड्रायव्हरच्या घरात ते त्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर आलं.

डेपोत हुकूम आला होता. नदीपलीकडच्या वस्तीतली सगळी माणसं दुपारी गाड्यांत भरून खाणीकडे सोडायची. रेडिओ कित्येक दिवस त्यांना 'कीड' म्हणत होता. खाणीकडे नेलेलं माणूस परत येत नाही हे सर्वांना ठाऊक होतं, पण सगळे मूग गिळून होते.

"मी फक्त गाडी चालवणार," ड्रायव्हर बायकोला म्हणाला. "बाकीचं साहेब जाणोत."

सासूबाई आधीच फटकळ. त्यांनी कप खाली आपटला.

"जावईबापू, माझ्या आईला असंच नेलं. मी कोळशाच्या कोठीत लपले होते. मोठी झाल्यावर त्या ड्रायव्हरला गाठलं. म्हणाला, मी फक्त गाडी चालवली. पहारेकरी म्हणाला, मी फक्त दार उघडलं. मग माझ्या आईला मारलं कुणी?"

ड्रायव्हर चहा तसाच ठेवून उठला. त्याची दोन्ही मुलं जिच्या हातावर जन्मली, ती सुईण त्याच वस्तीत राहत होती.

डेपोत एक नियम होता. ब्रेक नीट नाहीत असं ड्रायव्हरने सांगितलं, की गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, मग हुकूम कुणाचाही असो.

"साहेब, ब्रेक लागत नाहीत," दुपारी ड्रायव्हर डेपोत म्हणाला.

"सकाळी शाळेची फेरी मारलीस ना?"

"तेव्हा लागत होते."

"माझेही लागत नाहीत," शेजारचा म्हणाला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता अख्खा डेपो!

"साथ आलीय साहेब," मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

साहेबांचा थयथयाट झाला. बाहेरून गाड्या मागवेपर्यंत बातमी शहरभर पसरली, शहरातली माणसं घरदार सोडून गाड्या अडवायला नदीच्या पुलावर येऊन बसली आणि हुकूम गुंडाळावा लागला. वस्ती वाचली!

पुढे सरकार बदललं, खटला उभा राहिला. "मी फक्त वरचा हुकूम पुढे पाठवला," साहेब म्हणाले.

"ड्रायव्हरलाही हुकूमच होता," न्यायाधीश म्हणाल्या. "माणसं त्याच्यामुळे वाचली. म्हणून तुमचा गुन्हा कमी होत नाही."

शिक्षा ऐकून सुईणीने ड्रायव्हरचे हात घट्ट धरले. सासूबाई भर कोर्टात रडल्या. "माझ्या आईच्या वेळी कुणी कुणाला विचारलंच नाही. आज विचारलं!"

मित्रहो, एवढं पाप एकट्याच्या हातून होत नाही. त्याला 'मी फक्त' म्हणणारी पुष्कळ माणसं लागतात. त्यांतले आपण होऊ नये, आणि जे झाले त्यांना जाब विचारल्याशिवाय सोडू नये. ब्रेक आपल्याच पायाखाली असतो.