बिजलीबाईचा आशीर्वाद

चैत सरत आला होता आणि बिजलीबाई सून बबिताला घेऊन वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होती. जमीन अशी आवळून बसलेली, की दोघींनी मिळून ओढलं तरी मूळ सुटत नव्हतं. तेवढ्यात बांधाशी फटफटी थांबली. गळ्यात पक्षाचा दुपट्टा टाकून लखीराम उतरला. आमच्या बंजारा तांड्यात पक्षाचं जे काही असेल ते लखीरामच पाहायचा.

"काकी, सांजच्याले मारोतराव साहेब येऊन राह्यले. ओवाळाले तुमी पायजे."

"काहून? तुयी बायको कुठी गेली?"

"तुमी वयानं मोठ्या. मान तुमचा. साहेब आता दिल्लीले उभे हायेत, साधी गोष्ट हाय का?"

"उभे राहू दे. मले कामं हायेत."

लखीराम सावली शोधत बाभळीखाली सरकला. "काकी, आपण सुदा नवा गोऱ्हा एकदम पाभरीले जुपत नाही. समोर कोण हाय? थो डॉक्टर. ग्रामपंचायतबी लढला नाही कधी, अन् चालला देश चालवाले! साहेबाची झेडपी झाली, आमदारकी झाली, मंत्रीपद झालं. अनुभव लागते ना बाप्पा."

"लागते. कोण नाही म्हणते?" बिजलीबाईने कंबर सरळ केली. "पर बैल नुसता जुना हाय म्हणून कोणी घेत नाही. त्यानं ओढलेलं नांगराचं तास पाह्यते. तुया बैलाचं तास दाखव मले. कोण्या वावरात हाय?"

लखीराम दुपट्टा सावरत फटफटीकडे वळला. बबिता तशीच वाकून पऱ्हाट्या ओढत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

बबिता तशी बोलकी पोरगी. बिजलीबाईच्या शामची बायको होऊन आली तेव्हा अर्धा तांडा तिच्या हसण्याने जागा व्हायचा. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला कळा सुटल्या. पाऊस थांबायचं नाव घेईना. आम्ही तिला खाटेवर टाकून नाल्यापर्यंत नेलं. खाटेचा एक पाय माझ्याही खांद्यावर होता. नाला दोन्ही काठ खाऊन वाहत होता. पलीकडे दवाखान्याची गाडी उभी. तिचा दिवा दिसत होता, ड्रायव्हर हात हलवत होता, पण मधलं पाणी कोणाला पाय ठेवू देईना. लेकरू काठावरच झालं. मुलगा. रडला नाही.

त्या नाल्यावर पूल व्हायचा होता. झेडपीत होते तेव्हा मारोतरावांनी त्याचा नारळ फोडला. आमदार झाल्यावर परत फोडला. मंत्री झाल्यावर तिसऱ्यांदा, तेव्हा तर मांडव होता, बुंदी होती. आम्ही तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे गाड्यांचा धुरळा उठला. मारोतराव वाईट बोलत नाहीत. आवाज मऊ, माणसांची नावं पाठ. "दिल्लीत जाऊन वाट विचारत बसणारा पाठवायचा, का वाट माहीत असलेला?" असं त्यांनी विचारलं आणि टाळ्या पडल्या. बिजलीबाईने ओवाळायचं ताट घेतलंच नव्हतं. भाषण संपवून ते बायांकडे आले तशी ती पुढे घुसली.

"साहेब, दिल्लीची वाट तुमाले मालूम हाय. आमच्या नाल्याची हाय का? माया नातू त्या काठावर मेला."

मारोतरावांनी हात जोडले. "ताई, पूल मंजूर आहे."

मंजूर! हा शब्द तिने तीन वेळा ऐकला होता. तिचा चेहरा लाल झाला, उजवा हात वर गेला. मी बाजूलाच होतो. तो हात कशासाठी उठला ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. पण सगळ्यांच्या आधी मारोतरावांना कळलं. ते झटक्यात वाकले आणि त्यांनी बिजलीबाईच्या पायावर डोकं ठेवलं. तिचा हात वरच्या वर अधांतरी राहिला. मोबाईल चमकले. ते उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की कसं, मला सांगता येणार नाही.

"आई, तुमचं दुःख ते माझं," असं म्हणून ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो प्रत्येकाच्या मोबाईलवर. दोन दिवसांनी फाट्यावर बॅनर लागला. मारोतराव वाकलेले, बिजलीबाईचा हात त्यांच्या डोक्यावर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: अनुभवाला आईचा आशीर्वाद.

किसनसिंगला, म्हणजे बिजलीबाईच्या नवऱ्याला, आधी बरंच वाटलं. "जाऊ दे व, मोठ्या माणसासंगं फोटो आला," तो म्हणाला.

"तुमचा नातू नव्हता का थो?" ती अशी ओरडली की किसनसिंग चप्पल न घालताच बाहेर निघून गेला.

बबिता चुलीपाशी होती. सासूलाही ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलली.

"याडी, तुमी त्याच्या डोक्शावर हात ठेवला?"

"ठेवला नाही व! माराले उचललता."

"मंग मारला काहून नाही?"

बिजलीबाई दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी लखीरामच्या दारात जाऊन म्हणाली, बॅनर काढ. तो म्हणाला, थो वरून लागला काकी, मायाच्यानं निघत नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर आले. चार-पाच माणसं, गाडी फाट्यावर ठेवून पायी. माणूस साधा, घामाने भिजलेला. त्यांना खरी गोष्ट कोणीतरी सांगितली होती. "मावशी, हात मारायला उचलला होता, एवढंच कॅमेऱ्यासमोर सांगा. आम्ही जिल्हाभर पाठवतो."

"अन् पूल?"

डॉक्टरांनी घाम पुसला. "खोटं बोलत नाही. पूल कोणाच्या हातात असतो, तो कुठं अडतो, हे मला अजून माहीत नाही. शिकावं लागेल."

दाराआडून बबिता म्हणाली, "शिकाले किती पावसाळे लागन?"

डॉक्टरांनी खूण केली. त्यांच्या माणसाने मोबाईल खिशात टाकला. ते गेल्यावर बिजलीबाई म्हणाली, "माणूस खोटा नाही. पर यालेबी माया चेहराच पायजे होता."

प्रचार संपत आला तशी यवतमाळला मारोतरावांची मोठी सभा लागली. लखीरामने भरून नेलेल्या गाडीत आम्ही होतो. बिजलीबाई आणि बबिता मात्र एसटीने आल्या. मैदानाच्या दारावर तोच फोटो, माणसापेक्षा दुप्पट. कार्यकर्त्यांनी बिजलीबाईला ओळखलं. "अरे, फोटोतल्या आई आल्या!" वाट मोकळी झाली. दोघींना थेट स्टेजवर नेलं. मारोतरावांनी स्वतः माइक तिच्या हातात दिला. इतक्या वर्षांत मुरलेला माणूस, पण एकदा पाया पडलं की राग उतरतोच असा त्यांचा हिशेब असावा.

"ह्या फोटोतला हात आशीर्वादाचा नाही," बिजलीबाई म्हणाली. "म्या माराले उचललता. कायले, तं..."

माइक बंद पडला. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. कोणीतरी प्रचाराचं गाणं लावलं.

मग बबिता पुढे झाली. वावरातली रानडुकरं तिच्या आरोळीने पळायची, तिला माइक काय करायचा?

"मायं लेकरू नाल्याच्या काठावर झालं! पल्याड गाडी उभी होती! ह्या माणसानं तीन डाव पुलाचा नारळ फोडला. तीन डाव! याले अनुभव म्हणत असान, तं द्या याले दिल्ली!"

पुढच्या बाया उठून उभ्या राहिल्या. "गाणं बंद करा बे," कोणीतरी ओरडलं. गाणं बंद झालं. मारोतराव हात जोडून बबिताकडे निघाले. ती दोन पावलं मागे सरली.

"पाया नोका पडू. पूल कुठी हाय थे सांगा."

मारोतराव बाजूच्या माणसाकडे पाहू लागले, आणि तो माणूस खाली जमिनीकडे. आमच्या गाडीतली माणसं माना घालून बसली होती. मीही. कारण आम्ही बुंदी खाल्ली होती.

दोघींना खाली उतरवलं. परत आलो तोवर फाट्यावरचा बॅनर गायब झाला होता. रिकामे बांबू तेवढे उभे होते.

निकाल लागला. मारोतराव निवडून आले. मतं पुष्कळ कमी झाली असं लखीराम खासगीत सांगायचा, पण दिल्लीला गेले ते गेलेच. त्याने तांडाभर पेढे वाटले. बिजलीबाईच्या घरावरून मात्र तो वळून गेला.

मृग लागायला आला. आभाळ अजून कोरडंच होतं. शेजारच्या सोनीबाईची सून भरल्या दिवसांची होती. एका सकाळी बबिता त्यांच्या अंगणात उभी राहिली. मागे शाम फटफटी सुरू करून तयार.

"हिचे कपडे भरा. ही यवतमाळले माया बहिणीच्या घरी राहीन. दवाखाना गल्लीतच हाय."

सोनीबाई दाळ निवडत होती. "आता कायले व? पाणी नाही, पाऊस नाही. पंधरा-वीस रोज हायेत अजून."

बबिताने तिच्यापुढचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

"मले नोका सांगू. भरा कपडे."

सोनीबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी आणायला आत गेली.