पुलाखालचा स्विच

रिठदजवळच्या नाल्यावर एक बुटका पूल आहे. पाऊस वरच्या शिवारात पडतो आणि इथे ऊन असतानाच पाणी पुलावर चढतं. गेल्या श्रावणात उमेराचा धाकटा भाऊ नोमान मोटरसायकलसकट त्यात वाहून गेला.

उमेराचं रिसोडला टीव्ही-राऊटर दुरुस्तीचं दुकान होतं. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ती दुकानातला एक जुना राऊटर घेऊन उकंडरावांकडे आली. पुलाला लागून त्यांचं एकट्याचंच घर.

"काका, हा डब्बा तुमच्या घरात ठेवू द्या. पुलाखाली तरंगता स्विच लावतो. पाणी चढलं की सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जाईन."

"इंटरनेटच्या डब्ब्याले पाणी कसं समजन?"

तिने झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर एका बटणाची जागा होती. कंपनीने बटण बसवलं नव्हतं, दोन पिना तशाच रिकाम्या होत्या.

"इथं तारा जोडतो. पाण्यानं स्विच उचलला की याले वाटते, बटण दाबलं. मंग हा मेसेज पाठवते."

उकंडरावांनी होकारार्थी मान हलवली. लाइट गेली तरी चालावा म्हणून तिने राऊटरला बॅटरी दिली, सिमकार्डाचं डोंगल लावलं.

पहिल्याच आठवड्यात कोरड्या नाल्यातून तीनदा मेसेज गेला. लोक चिडले. उमेराने येऊन पाहिलं, तर पालापाचोळ्याने स्विच वर अडकून बसला होता. ती त्याच्याभोवती जाळी बसवू लागली. स्विच ज्या पाइपावर बसवला होता, तो पाइप धरून उकंडराव उभे होते.

"त्या दिवशी मी ओट्यावरच होतो," ते एकदम म्हणाले. "नोमान येतानी दिसला मले. पाणी चढून राह्यलं होतं. वाटलं, थांबन तो. मी आवाज देला नाही."

उमेराचा हात थांबला. मग तिने उरलेले स्क्रू आवळले आणि गाडीला किक मारली. त्यानंतर महिनाभर ती तिकडे फिरकली नाही.

जुलैत एका दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला. ती दुकान तसंच टाकून निघाली. पोचली तेव्हा पुलावरून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. अलीकडे शाळेच्या लेकरांची ने-आण करणाऱ्या प्रसेनजितची ऑटो उभी होती, आत शाळेतून घरी निघालेली नऊ लेकरं. मेसेज वाचून त्याने गाडी आधीच थांबवली होती. आणि ऑटोपुढे, भर रस्त्यात, दोन्ही हात पसरून उकंडराव उभे होते. पावसात नखशिखांत भिजलेले.

"काका, तो थांबला आहे. बाजूले या."

"माहीत आहे मले," ते म्हणाले, पण हलले नाहीत.

माफ केलं, असं उमेराला म्हणता आलं नाही. पाणी उतरेपर्यंत ती त्यांच्या शेजारी रस्त्यात उभी राहिली.