ब्याऐंशी टक्के

मॅडमनी काचेची पट्टी चिमट्यात धरून जांभळ्या दिव्याखाली नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा पाहिलं. अभिक्रिया झाल्याची खूण म्हणजे ठिपका, आणि तो नव्हता. जिथे तो दिसायला हवा होता तिथे पट्टी कोरी होती.

टेबलावर तीन फ्लास्क होते. तिन्हींत तीच रसायनं, तेवढीच, मॅडमनी स्वतः मोजून घातलेली. फरक एवढाच, की तळाशी गरगर फिरून ढवळणारं मॅग्नेट प्रत्येकात वेगळं होतं. पहिल्यात त्यांचं नेहमीचं, ओरखडे पडून राखाडी झालेलं. दुसऱ्यात आत्ताच पाकिटातून काढलेलं, पांढरंशुभ्र. तिसऱ्यात जुनंच, पण काल संध्याकाळपासून तीव्र आम्लात बुडवून ठेवलेलं. पहिल्या फ्लास्कचा ठिपका ठसठशीत आला होता. बाकी दोन्हींत काही नाही.

शनिवारची दुपार होती आणि लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं, हे एक बरं झालं. मॅडम स्टुलावर बसल्या. 

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी एक पेपर लिहिला होता. पॅलेडियम हा महागडा धातू घातल्याशिवाय ही अभिक्रिया होतच नाही, असं तोवर सगळं जग धरून चाललं होतं. मॅडमनी दाखवून दिलं की होते, धातूचा कणही लागत नाही, आणि ब्याऐंशी टक्के माल हाती येतो. पेपर गाजला. आजवर तेवीसशे चौदा संशोधकांनी आपापल्या पेपरांत त्याचा आधार दिला होता. मॅडमचे एकूण पेपर चौऱ्याण्णव. पण बाकीच्या त्र्याण्णवांचे संदर्भ एकत्र केले तरी या एकाच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. हातातलं पद, मोठी लॅब, परदेशांतली भाषणं, सगळं त्या एका पेपराच्या जिवावर उभं होतं.

आणि त्या पेपरच्या आधी तीन वर्षं याच लॅबमध्ये, याच मॅग्नेटांनी, पॅलेडियमच ढवळलं जात होतं. धातू ओरखड्यांत जाऊन बसला होता. डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण अभिक्रियेला पुरेल एवढा. आम्लात तो विरघळून गेला, तशी अभिक्रियाही थांबली. भांडी त्यांनी नवी घेतली होती, रसायनं नवी घेतली होती. मॅग्नेट बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मॅग्नेट म्हणजे काय, साधा चमचा. तो कोण बदलतो?

हे सगळं निघालं ते मुंगीमुळे. मुंगी ही त्यांची सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी. मान खाली घालून कणाकणाने काम करायची, म्हणून लॅबने तिला हे नाव बहाल केलेलं. चौदा महिने ती आपल्या नव्या मॅग्नेटने ही अभिक्रिया करत होती आणि चौदा महिन्यांत तिच्या हाती काही लागलं नव्हतं. मॅडम मात्र शेजारी उभ्या राहून करायच्या, आणि पहिल्या झटक्यात जमायचं. लॅबमध्ये सगळे म्हणायचे, मॅडमच्या हाताला गुण आहे. मॅडमही हसून ऐकून घ्यायच्या. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

शुक्रवारी मुंगी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती.

"मॅडम, तुमचं मॅग्नेट एकदा मला द्याल का?"

"का गं? त्यात काय जादू आहे?"

"तसं नाही. परीक्षेला नाही का, हुशार मुलीचं पेन मागून घेतात. तसं."

मॅडमनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. पण ती गेल्यावर त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं, आणि जाता जाता एक मॅग्नेट त्यांनी आम्लात टाकून ठेवलं.

आता त्यांनी ड्रॉवर उघडला, जुनी सातही मॅग्नेटं रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी जाण्याआधी त्यांनी थोरल्याला फोन लावला. थोरला त्यांचा पहिला विद्यार्थी, आता दुसऱ्या शहरात प्राध्यापक. मॅडमची अभिक्रिया वेगळ्या लॅबमध्ये करून दाखवणारा पहिला माणूस तोच. तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला होता.

"एक विचारू? तू इथून गेलास, तेव्हा काय काय सामान नेलंस?"

"एवढ्या वर्षांनी चोरी पकडताय होय मॅडम?" तो हसला. "थोडी काचेची भांडी. आणि तुमच्या ड्रॉवरमधली चार मॅग्नेटं. तेव्हा माझ्याकडे होतं काय?"

"ती चारही जुनीच होती ना? पॅलेडियमच्या वेळची?" मॅडमनी विचारलं. थोरल्याचं हसू विरत गेलं. रसायनशास्त्रज्ञच तो, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचा संचालकपदाचा अर्ज कधी जातोय?"

"शुक्रवारी पाचपर्यंत."

"मग तो जाऊ दे ना आधी. माझ्या अकरा विद्यार्थ्यांच्या पीएचड्या त्या पेपरावर आहेत. घाई करू नका, एवढंच म्हणतो."

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि मुजरा केला. "या, संचालकीणबाई!" तो महिनाभर असाच चेकाळलेला होता. मॅडमनी पर्स कपाटात ठेवली, कपाट बंद केलं, आणि आयुष्यात प्रथमच त्याची चावी फिरवली. रविवारभर त्या घरात इकडून तिकडे नुसत्या फिरत होत्या. बोलावं तर एकोणीस वर्षांचं सगळं बोलावं लागणार होतं. थोरल्याचं, त्याच्या अकरा जणांचं. आणि त्या एका लांबच्या कॉलेजातल्या बाईंचंही. बारा वर्षांपूर्वी त्या बाईंनी मॅडमना पत्र लिहिलं होतं: सगळं तुमच्या पेपरप्रमाणे केलं, पण होत नाही, आमचं काय चुकतं? मॅडमनी अगदी प्रेमाने उत्तर पाठवलं होतं. हात बसायला वेळ लागतो. त्या बाईंचं नाव नंतर कुठल्याच पेपरावर दिसलं नाही.

सोमवारी सकाळी मुंगी केबिनमध्ये आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, मी सोडते. माझ्याच्याने नाही होणार. आई म्हणते, जमत नसेल तर परत ये."

मॅडमच्या ओठांवर आलं होतं. चार वाक्यांचं काम होतं. पण समोर अर्जाची फाईल उघडी पडली होती, आणि तेवीसशे चौदा हा आकडा पहिल्याच पानावर जाड अक्षरांत होता.

"असं सोडून नाही द्यायचं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा कर. हात बसायला वेळ लागतो."

मुंगीने मान हलवली आणि गेली. मॅडमना आपल्याच आवाजाची किळस आली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन बसल्या. मंगळवारी त्यांनी अर्ज तपासला. बुधवारी परत तपासला. गुरुवारी ऑफिसातल्या हेडक्लार्कने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तर त्यांनी ॲसिडिटीवर ढकललं. मनातून कात्रीत सापडलेल्या माणसाला ॲसिडिटी फार उपयोगी पडते.

शुक्रवारी चार वाजता मुंगी आली ती जवळजवळ धावत. नोंदवही छातीशी धरलेली.

"मॅडम, झालं!"

"काय झालं?"

"अभिक्रिया! काल रिअॅक्शन लावली, आज सकाळी माल वेगळा केला. ब्याऐंशी टक्के!"

तिने वही टेबलावर उघडून ठेवली. लॅबचा नियम असा, की प्रयोगाच्या प्रत्येक पानावर खाली दुसऱ्या कुणीतरी 'पाहिले' म्हणून सही करायची. साक्षीदाराची सही असल्याशिवाय पान खरं धरत नाहीत. मुंगीने तेवढी जागा मोकळी सोडली होती.

मॅडमनी पान वाचलं. अक्षर सुंदर, वजनं चोख, वेळा मिनिटासकट. कुठे खाडाखोड नाही. चौदा महिन्यांत या वहीत एकही पान इतकं स्वच्छ नव्हतं.

"मॅग्नेट कुठलं वापरलंस?"

"नवंच. जुनी ड्रॉवरमध्ये दिसली नाहीत." ती भराभर बोलत होती. "आईला फोन पण केला. ती रडलीच. म्हणाली, मॅडमना माझा नमस्कार सांग."

मॅडमनी वर पाहिलं. पोरीचा चेहरा उजळला होता, पण डोळे मॅडमच्या चेहऱ्यावर ठरत नव्हते. बोटं वहीच्या कडेशी चाळा करत होती. लॅबमध्ये हे पान खोटं आहे हे ओळखू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते का खोटं आहे हे सांगायला त्या माणसाला आधी स्वतःचं तोंड उघडावं लागणार होतं. सही केली की सगळं सुरळीत. अर्ज जाईल, पोरगी राहील, आणि तेवीसशे पंधरावा संदर्भ घरातूनच मिळेल.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. 

मॅडमनी तिची वही हलकेच बाजूला सरकवली. खणातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर गेल्या शनिवारची तारीख घातली आणि लिहायला लागल्या. जुनं मॅग्नेट, माल आला. नवं मॅग्नेट, नाही. जुनं, आम्लाने धुतलेलं, नाही. खाली निष्कर्षाची एक ओळ. अक्षर मुंगीच्या अक्षरापेक्षा कितीतरी वाईट आलं.

मग त्यांनी वही फिरवून तिच्यापुढे ठेवली.

"वाच. आणि खाली सही कर."

"मी? मॅडम, पण तुमच्या पानावर मी..."

"तूच."

मुंगीने वाचलं. एकदा, मग बोट ठेवून परत एकदा. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं.

"म्हणजे माझा हात..." ती म्हणाली.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. चौदा महिने तू बरोबरच करत होतीस."

 मुंगीने टेबलावरचं पेन घेतलं. आधी स्वतःची वही ओढली, सुंदर अक्षरातल्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली आणि वही मिटली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते खांद्याला पुसले.

"मॅडम, सहीखाली तारीख आजची घालू ना?" तिने विचारलं, आणि सही करायला वाकली.